गळपट्ट्यातली चिठ्ठी

पहिली चिठ्ठी मी सगळ्यांच्या देखत लिहिली. दुसरी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, चष्मा पुसतोय असं दाखवत लिहिली. पहिलीवर 'आठ' होतं, दुसरीवर 'सोळा'. पहिली मी बिस्किटांच्या डब्यात टाकली आणि झाकण जरा जास्तच जोरात लावलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. दुसरीची बारीक घडी करून ती गळ्यातल्या शिशाच्या पट्ट्यात सरकवली. क्ष-किरणांपासून गळा वाचावा म्हणून तो पट्टा घालायचा असतो. त्या दिवशी त्याला आणखी एक काम दिलं होतं.

टेबलावर झोपलेले दिनकर भिंगारदेवे, निवृत्त एसटी वाहक, छताकडे बघत होते. निदान मला तसं वाटलं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मिरजेतल्या एका रुग्णालयात मी हृदयरोगाचं पुढचं शिक्षण घेत होतो. माझ्या प्रबंधाचं नाव इतकं लांब होतं की ते एका दमात म्हणणाऱ्याचं हृदय तपासायची गरजच उरली नसती. अर्थ मात्र सोपा होता. हृदयाची शीर चरबीनं अरुंद झाली की तिथे स्टेंट बसवतात. स्टेंट म्हणजे तारेची जाळीदार नळी. ती आत नेऊन फुगवली की भिंत मागे सरते, रस्ता मोकळा होतो. पण भिंतीतली चरबी मऊ असेल आणि तिच्यावरचा पापुद्रा सायीइतका पातळ असेल, तर ती जाळीच्या भोकांतून आत डोकावते. सोऱ्यातून शेव पडते ना, अगदी तशी. बहुतेक वेळा एवढ्यातेवढ्यावर भागतं. कधी मात्र जास्त येते, तिच्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि मग धावपळ होते.

माझं म्हणणं असं, की स्टेंट बसवायच्या आधीच शिरेत दोऱ्याएवढा कॅमेरा घालून प्रकाशानं आतल्या भिंतीचे फोटो काढायचे. चरबी किती पसरलीय, पापुद्रा किती पातळ आहे, हे मोजायचं. मग ही शेव स्टेंटच्या नेमक्या कितव्या मिलीमीटरवर पडणार, ते सांगता येतं.

"सांगता येतं, का तू सांगशील?" आमच्या विभागप्रमुख डॉ. कुमुदिनी शेडबाळे यांनी विचारलं होतं.

"मी सांगेन, मॅडम."

"मग लिहून दे. आधी."

तेव्हापासून चिठ्ठीचा रिवाज पडला. मॅडमनी घरून बिस्किटांचा रिकामा डबा आणला. डब्यावर हिमालयाचं चित्र होतं. बिस्किटांचा आणि हिमालयाचा काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही. स्टेंट कुठून कुठपर्यंत बसवायचा हे मॅडम ठरवायच्या, मी आकडा लिहून चिठ्ठी डब्यात टाकायची, मग स्टेंट बसायचा. पुन्हा कॅमेरा आत जायचा आणि आमचे तंत्रज्ञ नदाफमामा यंत्रासमोर बसून मोजून सांगायचे, चरबी प्रत्यक्षात कुठे डोकावलीय ते. मग मी डबा उघडून चिठ्ठी वाचायची. ती मलाच वाचायला लावत, कारण स्वतःच्या तोंडानं हरण्यात जी मजा आहे ती दुसऱ्याच्या तोंडून येत नाही, असं मामांचं मत होतं.

नऊ रुग्ण झाले. मी सहा म्हटलं, अठरावर आलं. मी वीस म्हटलं, आठवर आलं. मी पाच म्हटलं, तेरावर आलं. फक्त एकदा मी चौदा म्हटलं आणि चौदावरच आलं. त्या दिवशी मी सगळ्यांना मिसळ खिलवली. मॅडमनी ती खाल्ली आणि म्हणाल्या, "हा योगायोग आहे. रस्सा चांगला आहे."

नववा अंदाज चुकल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"आणखी एक केस देते. तीही चुकली तर विषय बदल."

"मॅडम, दोन वर्षं गेलीत यात. नवा विषय कुठला घेणार आता?"

"दाराचा आहे की."

दाराचा विषय मला माहीत होता. शस्त्रक्रियेच्या वेळी खोलीचं दार किती वेळा उघडतं आणि त्यातून किती जंतू आत येतात, हे मोजायचं. माझ्याआधीच्या बेडग्यांनी त्यावर चौदा महिने काम केलं होतं. हल्ली ते कुणाच्या घरी गेले की आत येताना "एक" म्हणतात, असं ऐकून होतो.

तर भिंगारदेवे ही माझी दहावी केस होती. वय एकोणसत्तर. विटा आगारात तीस वर्षं वाहक. छातीत कळ येऊन गेली होती, आणि डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत अडथळा सापडला होता. मनगटातून नळी घालतो, जागा तेवढीच बधिर करतो, त्यामुळे माणूस पूर्ण जागा असतो. काही रुग्ण जागे असले तरी डोळे मिटून घेतात, देवाचं नाव घेतात. भिंगारदेव्यांनी टेबलावर आडवं होताच माणसं मोजली.

"आत पाच. काचंमागं दोगं. ह्यो दाराशी उभा हाय त्यो कोण?"

"ते सलाइनचं स्टँड आहे, काका," मी म्हणालो.

"टोपी कशाला घातलीय मग त्याला?"

कुणीतरी आपली टोपी स्टँडवर अडकवली होती. मी ती काढली. त्यांचं समाधान झालं.

मॅडमनी मनगटातून नळी सरकवली, औषध सोडलं, आणि समोरच्या पडद्यावर हृदयाच्या शिरा काळ्या रेघांसारख्या उमटल्या.

"ह्यो कसला नकाशा?"

"तुमच्या हृदयाचा. हलू नका."

"हलत न्हाई. इचारतोय फक्त. ही मोठी शीर म्हंजे सांगली-विटा हमरस्ता धरा. आन ह्यो फाटा फुटतोय त्यो?"

"ती छोटी शाखा आहे."

"कवलापूर फाटा. आन अडकलंय कुठं?"

मॅडमनी बोटानं दाखवलं. "इथे."

"तासगावच्या अलीकडं," भिंगारदेवे म्हणाले. "तिथं रस्ता कायम खराबच."

कॅमेरा आत गेला, फोटो निघाले. मॅडमनी पडद्यावर दोन खुणा केल्या. "इथून इथपर्यंत. चोवीसचा स्टेंट." म्हणजे चोवीस मिलीमीटर लांबीचा. मी फोटो माझ्या लॅपटॉपवर घेतले. माझ्या मावसभावानं, तो पुण्यात संगणक अभियंता आहे, मला त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. मी चरबीचा पसारा मोजला, पापुद्रा मोजला, गणित केलं. उत्तर आलं आठ.

आता कबुली द्यायला हवी. मी आठकडे बघितलं आणि मला बेडगे दिसले. दार दिसलं. मग मी यंत्रासमोर बसलेल्या नदाफमामांच्या कानाशी गेलो.

अल्लाबक्ष नदाफ वीस वर्षं त्या खोलीत होते. माझ्या नऊ केसेसमध्ये त्यांनी दर वेळी पडद्याकडे एकदा बघून, स्वतःशीच, एक आकडा पुटपुटला होता, आणि तो बहुतेक वेळा बरोबर आला होता. माझं गणित सपशेल पडत होतं आणि मामांचं पुटपुटणं खरं होत होतं. हे मी प्रबंधात कुठे लिहिलं नव्हतं.

"मामा, आज काय वाटतंय?"

त्यांनी पडद्याकडे बघितलं. "सोळा."

"कशावरून?"

"दिसतंय की. तिथं भिंत धुरकट झालीय. कांदा जास्त झालेल्या भज्यासारखी."

म्हणून दोन चिठ्ठ्या. बेत आदल्या दिवसापासूनच डोक्यात होता, आणि साधा होता. मामांनी शेवटी 'आठ' म्हटलं, तर डब्यातली चिठ्ठी. 'सोळा' म्हटलं, तर डब्यात हात घालताना गळपट्ट्यातली बोटांत धरायची आणि तीच वर काढायची. वसतिगृहाच्या खोलीत मी याचा सरावही केला होता, साबणाच्या डब्यावर. एकवीसपैकी एकोणीस वेळा जमलं होतं. माझ्या प्रबंधापेक्षा हा निकाल कितीतरी चांगला होता.

मॅडमनी स्टेंट नेला, फुगवला. भिंगारदेव्यांनी कपाळाला आठी घातली.

"दुखतंय का?"

"दुखत न्हाई. छातीवर कुणीतरी ट्रंक ठेवल्यागत वाटतंय."

"अर्धा मिनिट."

"ठेवा, ठेवा. लगेजचं बगू नंतर."

ट्रंक उतरली. कॅमेरा पुन्हा आत गेला आणि परत आला. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, यंत्रावर वाकले आणि एकेक फोटो सरकवत गेले. अशा वेळी तिथे मांजरीच्या पावलांनी वावरायचे सगळे. माझा मात्र गळा त्या पट्ट्याखाली असा घामेजला होता की चिठ्ठीवरची शाई टिकेल का, ही नवीच काळजी लागली.

"आलं," मामा म्हणाले. "जाळीतून आत आलंय. फार नाही, पण आलंय. सोळावर."

"गुठळी?" मॅडमनी विचारलं.

"नाही. स्वच्छ आहे."

"छान. काका, तुमचं काम झालं. रस्ता मोकळा आहे." मग माझ्याकडे न बघता, "हळबे. डबा."

मी डब्यापाशी गेलो. डाव्या हातानं गळपट्टा सारखा केल्यासारखं केलं, चिठ्ठी बोटांत घेतली. उजव्या हातानं झाकण काढलं. हिमालय बाजूला ठेवला. डावा हात डब्याकडे नेला.

"सायेब," टेबलावरून आवाज आला, "आदी डब्यातलं दाखवा. मग हातातलं."

मी थांबलो. डब्यावर हात, हातात चिठ्ठी, चेहऱ्यावर काहीच नाही. हा चेहरा मी साबणाच्या डब्यासमोर केलाच नव्हता.

"काका, तुम्हाला भूल चढलीय," मी म्हणालो.

"भूल दिली कुठं? हाताला तेवढं बधिर केलंय. डोळं चालू हाईत." ते छताकडेच बघत बोलत होते. "एक चिठ्ठी सगळ्यांम्होरं लिवली. एक भिंतीकडं तोंड करून. एक डब्यात गेली, एक गळ्यात. आडव्या मान्साला वरचं लई दिसतंय, सायेब. आन मी तीस वर्सं गर्दीत उभा ऱ्हाऊन मान्सांच्या हाताकडं बगितलंय. मान्साचं तोंड खोटं बोलतंय. हाताला न्हाई जमत."

मॅडमच्या हातात अजून नळी होती, ती रुग्णाच्या मनगटातून थेट हृदयापर्यंत गेलेली. त्यामुळे त्यांना जागचं हलता येत नव्हतं. नाहीतर काय झालं असतं, याचा मी आजही विचार करत नाही.

"अहो हळबे," त्या म्हणाल्या.

मॅडम एरवी मला 'तू' म्हणत. 'अहो' ऐकलं आणि मला कळलं, आपला विषय बदलला. नुसता प्रबंधाचा नाही, कदाचित आयुष्याचाच.

"दोन्ही वाचा. मोठ्यानं."

मी डब्यातली उघडली. "आठ." हातातली उघडली. शाई पसरली होती, पण दुर्दैवानं वाचता येत होती. "सोळा."

"सोळा कुणाचा?"

मी मामांकडे बघितलं. मामांनी छताकडे बघितलं. आता खोलीत छताकडे बघणारे दोघं झाले.

"नदाफमामांचा," मी म्हणालो. "मला वाटलं, माझं गणित नेहमी चुकतं आणि त्यांचं बरोबर येतं. म्हणून..."

"म्हणून दोन घोड्यांवर बसलात."

"हो, मॅडम."

"नळी बाहेर काढते. मग आपण दाराबद्दल बोलू."

मॅडम नळी हळूहळू बाहेर ओढायला लागल्या. तेवढ्यात भिंगारदेवे म्हणाले, "बाईसायेब, इचारू का एक?"

"विचारा."

"मगाशी म्हणालावता, चोवीसचा. ती जी नळी बसवली ती चोवीस लांबीची ना?"

"हो."

"मग ह्यांनी दोन तिकिटं काडली कशाला? दोनी एकाच टप्प्याची हाईत."

मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"म्हणजे?" मी विचारलं. मला विचारायचा अधिकार राहिला नव्हता, पण तोंड उघडंच होतं.

"आवो, सांगलीवरनं आठवा टप्पा म्हंजे विट्यावरनं कितवा? रस्ता चोवीस टप्प्याचा धरला तर सोळावा. टप्पा त्योच. गाडी कुठनं सुटली त्येवढा फरक. तुमी मोजायला कुठनं सुरवात करता?"

"शेवटाकडून," मी म्हणालो. "कॅमेरा पार आत जातो आणि परत येताना फोटो काढतो. म्हणजे माझ्या लॅपटॉपवर पहिला फोटो तो पलीकडच्या टोकाचा."

"आन मामा, तुमी?"

"तोंडाकडून," मामा म्हणाले, जणू याहून वेगळं कुणी मोजूच शकत नाही. "रक्त जिथून शिरतं तिथून. वीस वर्षं तसंच मोजतोय. फोटो यंत्रावर उलटे येतात, मी सुलटे करून मोजतो. जुन्या यंत्रापासून सवय आहे."

"मला सांगितलं का नाही, मामा?"

"विचारलं कुठं तुम्ही? मला वाटलं, तुम्ही डॉक्टर लोक, तुम्हाला ठाऊकच असणार तोंड कुठं असतं."

"झालं तर," भिंगारदेवे म्हणाले. "ह्ये सायेब परतीच्या गाडीत बसल्यात, आन मामा जाणाऱ्या. दोगं बी कवलापूर फाट्याकडंच बोट दावाय लागल्यात आन दोगं बी म्हणत्यात, दुसऱ्याचं चुकलं!"

मॅडमनी नळी पूर्ण बाहेर काढली. मनगटाला पट्टी बांधली. हातमोजे काढले. हे सगळं त्यांनी नेहमीच्याच वेगानं केलं, आणि त्या दिवशी नेहमीचा वेग म्हणजे छळ होता. मग म्हणाल्या, "मामा, वही आणा."

वहीत नऊ केसेस होत्या. मॅडम वाचत गेल्या आणि मी भिंतीला टेकत गेलो.

"स्टेंट चोवीसचा. हळबे सहा, आलं अठरावर." त्या थांबल्या. "सहा आणि अठरा?"

"चोवीस," मामा म्हणाले.

"अठ्ठावीसचा. हळबे वीस, आलं आठवर."

"अठ्ठावीस."

"अठराचा. पाच. तेरावर."

"अठरा," असं खोलीतल्या सगळ्यांनी म्हटलं. काचेमागच्या दोघांनीसुद्धा. शाळेत पाढे म्हणतात तसं चाललं होतं.

"आणि ही," मॅडम म्हणाल्या, "मिसळीची. स्टेंट अठ्ठावीसचा. हळबे चौदा, आलं चौदावर."

"त्यो मदला टप्पा," भिंगारदेवे म्हणाले. "तासगाव. जाताना बी त्योच, येताना बी त्योच. तिथं येडा बी चुकत न्हाई."

मी नऊच्या नऊ वेळा बरोबर होतो. नऊ वेळा त्याच जागेवर बोट ठेवलं होतं, आणि नऊपैकी आठ वेळा आकडे वेगळे आले ते फक्त आम्ही दोन टोकांकडून वाचल्यामुळे. आज मी जो आकडा डब्यात टाकला तो खरा होता, आणि जो गळ्यात लपवला तोही खरा होता. मी माझ्याच बरोबर उत्तराऐवजी माझंच बरोबर उत्तर चोरून ठेवायला निघालो होतो. जगात एवढी निरुपयोगी लबाडी कुणी केली नसेल.

"काका, तुम्हाला हे कसं सुचलं?" मॅडमनी विचारलं. आवाज मऊ झाला होता, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"सुचायचं काय त्यात? नोकरीला लागलो त्या पैल्या आठवड्यात मी ह्योच घोळ घातलावता. तक्ता वरनं वाचायचा, त्यो खालनं वाचला. एक वऱ्हाड उतरवायचं कवलापुरात, ते उतरवलं चिंचणीत."

"अरे बापरे. मग?"

"मग काय, चिंचणीत बी त्या दिवशी लगीन होतं. जेवून आलं."

मामा यंत्रावर डोकं टेकून हसले. मॅडमचे खांदे हलत होते, मास्कमुळे बाकीचं दिसत नव्हतं. मला वाटलं, झालं, आता सुटलो. मी हळूच म्हणालो, "म्हणजे मॅडम, दहापैकी दहा—"

"नऊपैकी नऊ," त्या म्हणाल्या. खांदे हलायचे थांबले होते. "आजची केस धरायची नाही."

"पण मॅडम, आजची तर बरोबर आहे. दोन्हीकडून!"

"म्हणूनच. दोन तिकिटं काढलेला प्रवासी मी मोजत नाही. प्रबंध चालू राहील. विषयही हाच राहील. आणि एक महिना, केस नसेल त्या वेळात, तू दार मोजशील."

'तू' म्हणाल्या. मी दार आनंदानं मोजायला तयार झालो.

तिसऱ्या दिवशी भिंगारदेव्यांना घरी सोडायचं होतं. मी गोळ्यांचा कागद घेऊन गेलो. ते खाटेवर बसून केळं खात होते, त्यांच्या मंडळी पिशवी भरत होत्या.

"ही गोळी सकाळी, ही संध्याकाळी. एकही चुकवायची नाही. जाळीतून जे थोडं आत आलंय, त्याच्यावर रक्त साचू नये म्हणून."

"सकाळपास्नं मोजायचं का संध्याकाळपास्नं?"

मी मान खाली घातली.

"चेष्टा केली, सायेब. बसा."

मी स्टुलावर बसलो. विचारू की नको, असं झालं होतं. शेवटी विचारलंच. "काका, तुम्ही मला पकडलंत ते बरंच झालं. पण त्या वेळी तुमच्या हृदयात आमची नळी होती. आम्हीच तुम्हाला बरं करत होतो. एखादा गप्प बसला असता."

त्यांनी केळ्याचं साल नीट घडी करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

"आवो, मान्सं थेट माझ्या काळजात शिरल्यात, आन मी तिकीट तपासू नको?"

"आवं, पुरं की आता," त्यांच्या मंडळी म्हणाल्या. "बिचाऱ्या डाक्टरचं तोंड बगा किती उतरलंय."

"तोंडाकडं न्हाई बगत मी," भिंगारदेवे म्हणाले. "हात दावा, सायेब."

मी दोन्ही हात पुढे केले. रिकामे होते. त्यांनी ते उलटेसुलटे करून बघितले, आणि एका हातात केळं ठेवलं.

तो एक महिना मी दार मोजलं. ते एकूण दोन हजार नऊशे अकरा वेळा उघडलं. नदाफमामांनी गंमत म्हणून आपलंही मोजलं, त्यांचं उत्तर दोन हजार नऊशे बारा आलं. यावर आम्ही आठवडाभर भांडलो. मग लक्षात आलं, ते आतून मोजत होते आणि मी बाहेरून. तरी तो जास्तीचा एक कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. माझा संशय बेडग्यांवर आहे.

यंत्राशेजारच्या भिंतीवर मॅडमनी कागद चिकटवला: 'मोजणी तोंडाकडून.' त्यानंतर चाळीस केसेस झाल्या. चौतीस वेळा माझी चिठ्ठी बरोबर आली. सहा वेळा साफ चुकली, दोन्हीकडून मोजूनसुद्धा. चुकलेल्या सहाही मी स्वतःच्या तोंडानं वाचल्या. गळपट्टा काढून ठेवून.

प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं. त्यात मी मॅडमचं नाव लिहिलं, नदाफमामांचं लिहिलं, मावसभावाचं लिहिलं, आणि शेवटी 'श्री. दिनकर भिंगारदेवे' असं लिहून कागद मॅडमपुढे ठेवला. मला वाटलं, त्या खोडतील. त्यांनी पेन काढलं, खोडलं नाही. नुसतं विचारलं, "बिल्ला क्रमांक?" मी विट्याला फोन करून तो विचारून घेतला आणि नावापुढे घातला.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक ज्येष्ठ परीक्षक आले होते. कडक माणूस. त्यांनी तासभर मला उभा-आडवा सोलला. आकडे विचारले, पापुद्र्याची जाडी विचारली, त्या सहा चुका का झाल्या ते विचारलं. मोजणी नेमकी कुठून सुरू केली, हेही विचारलं. "तोंडाकडून, सर," मी इतक्या जोरात म्हणालो की ते दचकले. शेवटी त्यांनी प्रबंध मिटता मिटता पुन्हा उघडला, आभाराच्या पानावर बोट ठेवलं, आणि चष्म्यावरून मॅडमकडे बघितलं.

"मोजणीच्या पद्धतीतली मूलभूत त्रुटी दाखवून दिल्याबद्दल, म्हणतोय हा. हे भिंगारदेवे कोण? कुठल्या विभागाचे?"

मॅडमनी हातातल्या कागदावरून नजरसुद्धा उचलली नाही.

"विटा आगार," त्या म्हणाल्या.

परीक्षकांनी क्षणभर विचार केला. मग मान डोलावून सही केली.

"हं," ते म्हणाले, "चांगलं काम चाललंय म्हणतात तिथे."